डोक्यावरची माती

वारकरी सज्जनहो, या वेळी आम्ही एका अगदी प्रापंचिक गोष्टीचा विचार आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती गोष्ट म्हणजे घराचे छप्पर. विचार करण्याची शास्त्रात एक जुनी रीत आहे. आधी विषय सांगावा, मग त्यावरचा संशय मांडावा, विरुद्ध पक्षाला पोटभर बोलू द्यावे, नंतर उत्तर द्यावे आणि शेवटी निर्णय करावा. मीमांसक याला अधिकरण म्हणतात. पाठशाळेत आम्ही हीच रीत शिकलो, दुसरी आम्हाला येत नाही. तेव्हा पत्र्याचा आणि मातीचा विचारही आम्ही तिनेच करणार. वाचकांनी हसू नये. हसले तरी पुढे वाचावे.

विषय असा. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढची खोली माळवदाची, मागचे स्वयंपाकघर पत्र्याचे. तरुण वाचकांनी माळवद पाहिले नसेल, म्हणून थोडे सांगतो. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, त्यांवर लिंबाचा पाला नाहीतर तुराट्या, त्यांवर भुसा घालून मळलेली माती आणि सगळ्यांत वर पांढरीची माती. जुन्या गावठाणाला आपल्याकडे पांढरी म्हणतात, शेताला काळी. काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून ती वर चालत नाही. पांढरीची माती ओली झाली की फुगून छिद्रे बुजवते. ही माती चोपण्याने चोपायची, पन्हळीकडे उतार ठेवायचा आणि उजेडासाठी एक साणे ठेवायचे, की झाले माळवद. आमच्याकडे पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि वैशाखात ऊन चाळिसाच्या वर. अशा मुलखाला हे छप्पर फार चांगले. उन्हाळ्यात खाली गार, हिवाळ्यात ऊबदार. आमच्या वाडवडिलांना अक्कल नव्हती असे कोणी समजू नये.

गेल्या काही वर्षांत हे माळवद गळू लागले. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "दादा, पाडा आणि स्लॅब टाका." एका ठेकेदाराने खर्चाचा आकडा सांगितला. तो ऐकून आम्ही पाणी मागितले. मग मनात आले, की आपणच का करू नये? हातपाय धड आहेत, आषाढीला चालत जातो, मग शिडी चढायला काय झाले? शेजारच्या वस्तीत एक वृद्ध गवंडी राहतात. वयाने आमच्याहून दोन-चार वर्षांनी वडील, काम सोडून बसलेले. त्यांच्याकडे जाऊन म्हटले, "मिस्त्री, आम्हाला शिकवा." ते म्हणाले, "महाराज, आता ह्या वयात?" आम्ही म्हटले, "कीर्तनात लोकांना मरेपर्यंत शिका म्हणून सांगतो, त्याचे काय करू?" तेव्हा ते उठले.

आता संशय. आपल्या डोक्यावरचे छप्पर आपण घालावे, की ज्याचा तो धंदा त्याच्याकडून घालून घ्यावे? हा पैशाचा प्रश्न वाटतो, पण तेवढाच तो नाही.

पूर्वपक्ष तीन प्रकारे बोलतो. पहिला म्हणतो, ज्याचे काम त्याने करावे. गवंड्याचे काम पंडिताने केले तर गवंड्याच्या पोटावर पाय येतो. ज्याच्याजवळ दोन पैसे आहेत त्याने चार माणसांना काम द्यावे, स्वतः फावडे घेऊन मजुरी वाचवू नये. दुसरा म्हणतो, भक्ताला छपराची चिंता कशाला? नामदेवरायांची झोपडी प्रत्यक्ष देवाने शाकारली. तिसरा म्हणतो, साठी उलटलेल्या माणसाने माळवदावर चढणे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. तिन्ही पक्ष बळकट आहेत. कोणत्याही पक्षाला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. आमच्या घरातून तर तिसरा पक्ष रोज सकाळी मांडला जात होता.

उत्तर देण्याआधी काय घडले ते सांगावे लागेल.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी आम्हाला वर चढू दिले नाही. हातात हातोडी दिली आणि खालून प्रत्येक तुळई वाजवायला सांगितली. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, वाळवी लागलेल्याचा भद्द येतो. हे मात्र आम्हाला लगेच जमले. पन्नास वर्षे पखवाज ऐकणाऱ्या कानाला खरा बोल कोणता आणि फसवा कोणता हे वेगळे शिकवावे लागत नाही. भिंतीत शिरलेले एका तुळईचे टोक भद्द बोलले. उकरून पाहिले तर आत नुसता भुगा. वरून तेल लावलेली, दर दिवाळीला पुसलेली तुळई, आणि जिथे ती भिंतीवर टेकते तिथेच काही नाही! मिस्त्रींनी तिच्याखाली दोन धिरे दिले आणि मग आम्हाला शिडीवर घेतले. वर पहिला पाय टाकताना त्यांनी एकच सूचना केली, "महाराज, आधी खाली तुळई कुठं हाय ते वळखा, मग पाय टाका."

माती खणायला सुरुवात केली तेव्हा आम्हाला वाटले, हातभर असेल. टिकाव दोन फूट खाली गेला तरी मातीच. खड्ड्याच्या कडेला थरांवर थर दिसत होते, पोथीची पाने एकावर एक रचावीत तसे. मिस्त्री बोटाने दाखवू लागले, हा अलीकडचा, हा त्याच्या आधीचा, आणि ही राखट माती दिसते ती तुमच्या वडिलांच्या काळची. त्यांनी समजावून सांगितले ते असे. माळवद गळू लागले की जुना थर काढून नवा घालावा, हा खरा नियम. पण काढण्याला कष्ट फार. म्हणून लोक दर साली मृगाआधी जुन्यावरच नवा थर चढवतात. गळती तेवढ्यापुरती थांबते आणि ओझे मात्र कायमचे वाढते.

खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. दोन फूट माती म्हणजे २४० घनफूट. चोपलेल्या मातीचे वजन धरले तर हे अकरा टनांच्या घरात जाते. पावसात भिजली की त्याहून अधिक. हा हिशेब आम्ही पाटीवर मांडला आणि काही वेळ बोललो नाही. या अकरा टनांखाली आमची आई निजत असे. आमची मुले याच खोलीत जन्मली. आणि त्यातले वरचे तीसएक थर आमच्या डोळ्यांसमोर, आमच्या पैशाने, आमच्या सांगण्यावरून चढले होते.

सज्जनहो, आता जे सांगायचे ते सांगताना लाज वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या आसपास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक घरात निजले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. ती बहुतेक घरे अशीच माळवदाची होती. चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, भिंतीच्या दोन तोंडांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर वर्षानुवर्षे साचलेली माती. भूकंपात घराला जो हिसका बसतो तो घराच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. जितके वजन अधिक, तितका हिसका मोठा. भिंती फाकल्या आणि माती खाली आली. भिंती पडूनही जिथे लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, तिथे काही जीव वाचले.

त्या वर्षी कार्तिकात आम्ही त्या भागात कीर्तनाला गेलो होतो. लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहात होते. कीर्तन संपल्यावर एक बाई आल्या. घरातली तीन माणसे गेलेली. त्या म्हणाल्या, "महाराज, दर साली मीच पाट्या भरभरून माती वर दिली हो. गळू नये म्हणून दिली. मीच मारलं का त्यांना?" आम्ही म्हणालो, "आई, सारी देवाची इच्छा." त्यांनी नमस्कार केला आणि गेल्या.

आमचे उत्तर खोटे होते असे आजही म्हणवत नाही. पण ते अर्धे होते. त्या बाईला दोष नव्हता. ज्याने तिला सांगायला हवे होते त्याने सांगितले नव्हते. एवढे तरी आम्ही म्हणायला हवे होते. पण आम्हालाच ते कुठे माहीत होते? भूकंपानंतर शासनाने गावे वसवली, उभ्या असलेल्या घरांना बळकटी आणण्याची मोहीम काढली, माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळयांचे सांधे बांधा, असे घरोघर समजावले. आम्ही मात्र देहाच्या नश्वरतेवर दोन तास बोलून घरी परतलो आणि पुढच्या वैशाखात आमच्या माळवदावर आणखी एक थर चढवला. मग त्याच्या पुढच्या वर्षीही. मजूर येत, माती चढवीत, आम्ही खाली बसून पोथी वाचीत असू. वर काय चालले आहे हे पाहायला एकदाही चढलो नाही, कारण ते आमचे काम नव्हते.

न्यायशास्त्र शिकताना घट हा शब्द आम्ही हजारो वेळा उच्चारला. घटाचे उपादान माती, निमित्त कुंभार, दंड आणि चक्र ही साधने, हे सगळे मुखोद्गत. पण मातीला हात लावला नाही. गोरोबाकाकांनी तो लावला होता, सावतोबांच्या हाताला मळ्याची माती होती. आपल्या संतांनी आपले काम सोडून भक्ती केली नाही, हे आम्ही शेकडो कीर्तनांत सांगितले. सांगताना कधी वर पाहिले असते तर कडीला आलेला बाक दिसला असता.

आता उत्तरपक्ष. तिसऱ्या आक्षेपाला आधी उत्तर देतो, कारण ते सोपे आहे. म्हाताऱ्याने एकट्याने वर चढू नये, हे खरेच. आम्ही एकटे चढलो नाही. मिस्त्री, दोन तरुण मजूर आणि आम्ही. माती दोन्ही अंगांनी सारखी काढायची, एका बाजूचा भार एकदम हलवायचा नाही, खाली धिऱ्यांशिवाय टिकाव मारायचा नाही, हे नियम पाळले. सहा दिवसांत पाचशेहून अधिक घमेली माती उतरली. किडलेली तुळई बदलली. मग वीतभर माती नव्याने मळून घातली, उतार नीट धरला, पन्हळ मोकळी केली. खोली तीच, गारवा पुरेसा, आणि ओझे निम्म्याहून कमी झाले.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर नामदेवरायांच्याच गोष्टीत आहे. पंजाबात ते राहिले, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची साठएक पदे आहेत. याच ग्रंथाला आपल्या मराठवाड्यात, नांदेड येथे, १७०८ साली गुरुपद दिले गेले. त्यातल्या एका पदात शेजारीण विचारते, नामा, तुझी झोपडी कोणी शाकारली? मला त्याचे नाव सांग, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव उत्तर देतात, त्याचे तात्पर्य असे, की आमचा सुतार मजुरी म्हणून प्रेम मागतो. गोष्ट फार गोड आहे. पण ती सांगून आम्ही फार दिवस एक लबाडी केली. प्रेमाची मजुरी देव घेतो; मिस्त्रीला रोख द्यावी लागते. देव झोपडी शाकारतो म्हणून आपण हात बांधून बसावे, असेही त्या पदात कुठे नाही. वारीत आपण दिवसच्या दिवस राहुटीत, झाडाखाली, पावसात निजतो. तेव्हा छपराचा मोह सोडणे ठीक. पण घरी ज्यांना आपण छपराखाली निजवतो त्यांच्या वतीने छपराबद्दल बेफिकीर राहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. त्याचे उत्तर आम्हाला शहाणपणाने सुचले नाही, फजितीतून मिळाले.

माळवद झाल्यावर आम्हाला चढली. आता स्वयंपाकघराचे पत्रे आपण एकटेच बदलू, मिस्त्रींची मजुरीही वाचेल, असे वाटले. पाहून पाहून कामाची रीत समजली होतीच. आमच्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रा पूर्वेकडून बसवत यायचे, म्हणजे चढवलेल्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे राहात नाही. पत्रा दीड नळी पत्र्यावर चढवायचा, खालच्या ओळीपासून वर जायचे. हे सारे बरोबर केले. एका मुलाला मदतीला घेतले. चार शेजाऱ्यांना बोलावून दाखवलेही. मृगाचा पहिला पाऊस आला आणि पाणी नेमके परातीत, मळलेल्या पिठावर ठिबकू लागले. कुटुंबाने परात सरकवली, खाली पातेले ठेवले आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मिस्त्रींना बोलावणे भाग पडले. ते वर चढले आणि वरूनच हसले. पत्र्याला नळीचा उंचवटा असतो आणि दोन उंचवट्यांमध्ये खोलगट भाग. पाणी खोलगट भागातून वाहते. हुकाचे भोक नेहमी उंचवट्यावर पाडायचे, म्हणजे पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जाते. आम्ही भोके खोलगट भागात पाडली होती, कारण तिथे पत्रा लाकडाला टेकतो आणि हुक घट्ट बसतो. घट्ट बसले म्हणजे बरोबर बसले, असे आम्हाला वाटले. मिस्त्रींनी भोके डांबराने बुजवली, हुक उंचवट्यावर घेतले, प्रत्येकाखाली डांबरी वायसर दिला.

भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. या पाचांत कर्ता फक्त एक आहे. आम्ही हा श्लोक कितीदा लावून दाखवला असेल! पण चार शेजाऱ्यांना छप्पर दाखवताना आमच्या गणतीत पाचही जागी आम्हीच होतो.

वेरूळचे लेणे आमच्या गावापासून सुमारे ३० किलोमीटरवर. तिथे दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. दगडात कोरलेल्या त्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत. त्या फासळ्यांवर कसलाही भार नाही. वर अखंड डोंगर आहे. तरीही कोरणाऱ्यांनी त्या कोरल्या, कारण त्यांच्या आधी लाकडाची छपरे घालणारे जे कोणी होऊन गेले त्यांची रीत त्यांच्या हातात होती. कैलास लेणे तर कळसापासून खाली कोरत आणले. तिथे वरची चूक खाली येऊन दुरुस्त करता येत नाही. एवढे काम करणाऱ्यांतल्या कोणी आपले नाव आम्हाला सांगितलेले नाही.

आणि चोखोबा! मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले, अशी परंपरा आहे. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर ठेवल्या. ज्यांच्या हातांनी भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्या लोकांना त्या महाद्वारातून आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. दुसऱ्यासाठी भिंत रचणाऱ्याच्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न आपल्या संप्रदायात जुना आहे.

तो आम्हालाही पुढे विचारावा लागला. मजुरी द्यायला मिस्त्रींच्या घरी गेलो. दोन खोल्या, वर पत्रे, आणि पत्र्यांवर हुकांऐवजी दगड ठेवलेले. वळवाच्या वाऱ्यात असे पत्रे उडतात, दगड खाली येतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. आम्ही विचारले, "मिस्त्री, तुमच्या घराला हुक का नाहीत?" ते म्हणाले, "महाराज, लोकांची छपरं उतरता उतरता मृग लागायचा. आता वेळ हाय तर वर कोण चढवतंय?"

तेव्हा निर्णय असा, आणि तो आमच्यापुरता. डोक्यावर काय आहे आणि ते कशावर टेकले आहे, हे प्रत्येक घरधन्याने, घरच्या बाईनेही, स्वतः वर पाहून जाणून घ्यावे. हे ज्ञान मजुरी देऊन दुसऱ्याकडे ठेवता येत नाही. काम मात्र जाणत्याच्या हाताखाली करावे आणि त्याची मजुरी एका पैशानेही कापू नये. शिकवण्याची वेगळी द्यावी. मजुरी वाचवण्यासाठी शिकणे ही चोरी आहे. शिकून झाल्यावर त्या विद्येचा पहिला उपयोग आपल्या घराबाहेर करावा. आणि जुना थर काढल्याशिवाय नवा चढवू नये. हा शेवटचा नियम माळवदापुरताच आहे की आणखी कशाला लागतो, ते ज्याने त्याने आपल्या डोक्यावर पाहून ठरवावे.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. भेटल्या तर आज त्यांना काय सांगायचे, ते ठरलेले आहे.

दोन दिवसांनी, पावसाने उघडीप दिली तेव्हा, आम्ही आणि पुण्याहून आलेला मुलगा मिस्त्रींच्या घरी शिडी घेऊन गेलो. दगड उतरवले, पत्रे सरळ केले, हुक मारले. मिस्त्री खाली खाटेवर बसून वर पाहात होते. चौथ्या हुकाला त्यांनी हाक मारली, "महाराज, उंचवट्यावर!" आम्ही भोक पाडायचे थांबलो आणि बोटाने चाचपून उंचवटा धरला.

रामकृष्णहरी.